एनसीसी-१७०१ आणि डबल ट्रॉली

‘स्टार ट्रेक’ आमच्या पिढीनं दूरदर्शनवर पाहिली. त्यातल्या एंटरप्राइज यानाच्या बशीवर ठळक अक्षरांत एनसीसी-१७०१ लिहिलेलं असायचं, पण त्याचं नवल कुणालाच वाटलं नाही. एनसीसी म्हणजे खाकी कपडे, परेड आणि परेडनंतरचा नाश्ता. यानातली माणसं इतक्या शिस्तीत उभी राहतात म्हणजे ‘सी’ सर्टिफिकेटवालीच असणार, असा आमचा सरळ हिशोब.

खरी गोष्ट निराळी निघाली. मालिकेचा कलादिग्दर्शक मॅट जेफरीज स्वतः विमान उडवायचा. पूर्वीच्या अमेरिकी विमानांच्या नंबराआधी ‘एनसी’ लागायचं. त्यानं त्याला आणखी एक ‘सी’ चिकटवला. आकडे निवडताना ३, ६, ८, ९ टाळले, कारण लांबून ते एकमेकांसारखे दिसतात. नंबर लांबून नीट वाचता यावा, एवढाच साधा विचार.

आमच्या राहू गावात हे सांगितलं तर लोक हसतील. मुळा-मुठा आणि भीमा यांच्या मधल्या या बेटात ऊस, गुऱ्हाळं आणि ट्रॅक्टर यांना तोटा नाही, आणि ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकल या सगळ्यांवर नंबर लिहायची रीत एकच: पोलिसाला तो नंबर वाटू नये आणि गावाला नाव वाटावं. इंग्रजी ४१४१ घ्यायचे, चारच्या शेपटीला जरा बाक द्यायचा, वर शिरोरेषा ओढायची, झालं ‘दादा’. २१४ चा ‘राम’ होतो. ८०५५ चा इंग्रजीत ‘बॉस’ होतो, त्याला शिरोरेषाही लागत नाही. जेफरीजनं नुसता नंबर दिला आणि लोकांना तो नावासारखा पाठ व्हायला कित्येक वर्षं लागली. आमचा पेंटर हे काम दुपारच्या जेवणाआधी उरकतो.

एका बाबतीत मात्र जेफरीज आमच्यातला निघाला. १ अधिक ७ अधिक ० अधिक १, बेरीज नऊ! त्याला पत्ता नसेल, पण आमच्याकडे नंबर घेताना आधी हीच बेरीज बघतात. पुतण्यानं ट्रॅक्टर घेतला तेव्हा शोरूमवाल्याला हॉर्सपॉवर विचारायच्या आधी त्यानं एमएच-४२ ची कोणती सिरीज चालू आहे ते विचारलं. (दौंड तालुका बारामती आरटीओत येतो, म्हणून ४२.) ट्रॅक्टर घरी आणायचा तो राहुकाळ टाळून. राहूचा काळ टाळून राहूत शिरायचं म्हणजे काय, हे मी विचारलं तर आण्णा म्हणाले, “तू पुण्याला गेल्यापासून फार बोलायला लागलास.”

नावाचं प्रकरण आणखी मजेचं. १९८४ च्या चित्रपटात मूळ एंटरप्राइज यान नष्ट होतं, आणि १९८६ च्या चित्रपटात नवं यान येतं ते त्याच नावाचं, त्याच नंबराचं, फक्त शेवटी ‘ए’ जोडून. पुढे बी, सी, डी होत गेले. परदेशी समीक्षकांना ही परंपरा फार गहन वाटते. आपल्याकडे आजोबा गेल्यावर जन्मलेल्या नातवाला आजोबांचंच नाव ठेवतात. तेव्हा पुढे ‘ए’ जोडत नाहीत एवढंच. त्यामुळे सातबाऱ्यावर कोणता पांडुरंग कोणता, याचा घोळ तिसऱ्या पिढीपर्यंत चालतो. या बाबतीत एंटरप्राइजवाल्यांची पद्धत मला सरस वाटते. तलाठ्यालाही वाटेल.

‘स्टार ट्रेक’च्याच नंतरच्या एका मालिकेत ‘डॅन्यूब’ वर्गाची छोटी यानं आहेत, सगळी नद्यांच्या नावांची. त्यात एक ‘गँजेस’ही होती, म्हणजे आपली गंगा. दुसऱ्याच सीझनमध्ये तिला रिकामी पुढे धाडून तिचा बळी दिला. भीमेचं नाव त्यांनी घेतलं नाही, ते बरंच केलं म्हणायचं.

नावासाठी हट्ट धरणारे फक्त आपल्याकडेच असतात असंही नाही. १९७६ मध्ये नासाचं पहिलं स्पेस शटल तयार झालं, त्याचं नाव ‘कॉन्स्टिट्यूशन’ ठरलं होतं. मालिकेच्या चाहत्यांनी अध्यक्ष फोर्ड यांच्या कचेरीकडे पत्रांचा पाऊस पाडला आणि ते बदलून ‘एंटरप्राइज’ करायला लावलं. नाव मिळालं, पण ते यान चाचण्यांपुरतंच होतं. अवकाशात कधी गेलंच नाही. आमच्याकडे ‘वायुवेग’ लिहिलेल्या ट्रॉल्या उसाच्या हंगामात कारखान्याच्या रांगेत रात्रभर उभ्या असतात, तेव्हा मला नासाची आठवण होते.

आता नंबरातून नाव काढायच्या आमच्या कलेवर संक्रांत आली आहे. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कंपनीतूनच उच्च सुरक्षा पाटी, आणि जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची: ट्रॅक्टरला साडेचारशे रुपये, वर जीएसटी. डाव्या कोपऱ्यात निळं अशोकचक्र, सगळीकडे एकाच वळणाची अक्षरं. शिरोरेषेला जागा नाही. चारच्या शेपटीला बाक द्यायला गेलात तर दंड.

पण पेंटर उपाशी राहिला नाही. पाटीवरून उठलेला सगळा मजकूर ट्रॉलीच्या फाळक्यावर उतरला. पुतण्याच्या डबल ट्रॉलीतली पहिली मी स्वतः वाचली: वर ‘खंडोबा प्रसन्न’, त्याखाली ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’, मग ‘चि.’ आणि ‘कु.’ लावून दोन्ही पोरांची नावं, दोन्ही बाजूंना एकेक वाघ, तळाला पेंटरचं नाव आणि त्याचा मोबाइल नंबर, सगळ्यात मोठ्या अक्षरात. मी भीत भीत सुचवलं, कुठंतरी ‘एंटरप्राइज’ पण लिहू या.

पेंटरनं ब्रश कानाला खोचून फाळका वरपासून खालपर्यंत बघितला. “दुसऱ्या ट्रॉलीवर बसेल,” तो म्हणाला. “पण अक्षरं जास्त आहेत, भाव वेगळा पडेल. आणि शेजारी वाघ काढायचा का नाही, ते आत्ताच सांगा.”