बंद खोलीस खुले पत्र

प्रति,
माननीय बंद खोली (ऊर्फ स्किफ),
कॅपिटॉलचे तळघर, वॉशिंग्टन डी. सी.

विषय : आपल्या पोटातील उडत्या तबकड्यांबाबत.
संदर्भ : आपल्याकडे आहेत. आम्हाला दाखवलेले नाहीत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवण्यात येते की, उडत्या तबकड्यांवर अमेरिकी संसदेत ज्या जाहीर सुनावण्या होतात, त्यांतली मुख्य साक्षीदार आपणच आहात आणि आपली साक्ष आजवर एकदाही नोंदवली गेलेली नाही. खासदार प्रश्न विचारतात, साक्षीदार घसा खाकरतो आणि म्हणतो, हे इथे सांगता येणार नाही, त्या खोलीत सांगेन. ती खोली म्हणजे आपण. आत जाताना मोबाइल बाहेर ठेवायचा आणि बाहेर येताना तोंड मिटलेले ठेवायचे, असा आपला शिरस्ता आहे.

26 जुलै 2023 ची सुनावणी आम्ही इकडे रात्रीची जेवणे उरकता उरकता पाहिली. हवाई दलाचे माजी गुप्तचर अधिकारी डेव्हिड ग्रश शपथेवर म्हणाले की, सरकारच्या हाती कोसळलेली याने लागली आहेत, ती उलगडून पाहण्याचा उद्योग काही दशके चालू आहे आणि काहींबरोबर मानवेतर जैविक अवशेषही सापडले आहेत. आमचा घास हातातच राहिला. मग साहजिक प्रश्न आले. कुठे ठेवलेत? कोणाच्या ताब्यात? तपशिलाची वेळ आली की आपले नाव निघायचे. अवशेष स्वतः पाहिलेले नाहीत, हेही ग्रश यांनीच सांगितले. चार वर्षांत चाळीसहून अधिक जणांशी ते बोलले होते, त्यावर सारी इमारत उभी. म्हणजे गोष्ट सांगोवांगीची, शपथ मात्र खरी.

त्याच टेबलाशी नौदलाचे निवृत्त वैमानिक डेव्हिड फ्रेव्हर बसले होते. 2004 च्या नोव्हेंबरात सॅन डिएगोजवळच्या समुद्रावर त्यांना पांढरी, पंख नसलेली, अंदाजे 40 फूट लांब वस्तू दिसली. ती कशी वळली, कशी दिसेनाशी झाली, ते त्यांनी भर सभेत सांगून टाकले. ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याला खोली लागली नाही. ज्याने कानांनी ऐकले त्याला लागली. यावर फार विचार करू नये, असे आमचे आपणास सुचवणे आहे.

आमच्याकडे ओसरीवर पाऊसपाण्याच्या गप्पा आणि वाटणीचे बोलणे माजघरात, अशी जुनी रीत होती. पण आतून बाहेर येऊन "काय ठरले ते सांगणार नाही, पण ठरले ते भयंकर आहे" असे ओसरीवर जाहीर करायची रीत नव्हती. ती आपण घालून दिलीत.

आपल्याविना काय होते, ते 17 मे 2022 रोजी दिसले. पन्नासहून अधिक वर्षांनी या विषयावर खुली सुनावणी होती. नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे स्कॉट ब्रे यांनी चित्रफीत लावली. विमानाच्या काचेबाहेरून एक गोल, चकाकती वस्तू निमिषात निघून जाते, एवढेच तिच्यात होते. ती दाखवायला फीत मागे नेली, पुढे आली, पुन्हा मागे नेली. हव्या त्या चित्रावर काही थांबेना. जगातले सर्वांत खर्चिक संरक्षण खाते फीत थांबवण्याच्या बटणाशी झगडत होते आणि लोकप्रतिनिधी माना वाकड्या करून पडद्याकडे पाहत होते. त्या दिवशी आपली फार आठवण झाली. आत हेच घडले असते तर बाहेर नुसते "आम्ही काहीतरी पाहिले" इतकेच आले असते, आणि ते किती भारदस्त वाटले असते!

उघड्यावर आलेल्या गोष्टींचे पुढे काय होते, याचा दुसरा दाखला 'गो फास्ट' नावाच्या फितीचा. 2020 मध्ये संरक्षण खात्याने अधिकृतपणे खुल्या केलेल्या तीन फितींपैकी ही एक. समुद्राला जवळजवळ चिकटून काहीतरी सुसाट चालले आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. नासाने नेमलेल्या समितीने पडद्यावर दिसणारेच आकडे घेऊन शाळेतली त्रिकोणमिती मांडली. वस्तू सुमारे 13,000 फुटांवर निघाली आणि तिचा वेग ताशी 65 किलोमीटरच्या आसपास. सुसाट होते ते चित्रण करणारे विमान. तबकडी गेली, नाव तेवढे राहिले. असे हात दाखवून अवलक्षण नको असेल तर सगळे आपल्याच पोटात ठेवणे श्रेयस्कर.

आपल्याकडच्या फिती बाहेर का येत नाहीत, याचे कारणही फार गूढ नाही म्हणा. दिसलेल्या वस्तूपेक्षा पाहणाऱ्या कॅमेऱ्याचे गुपित मोठे असते. तो किती लांबून काय टिपतो, हे चीनला आणि रशियाला कळू नये, एवढाच मामला. पण "कॅमेरा लपवतो आहोत" असे सांगितले तर कोण ऐकणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, हा हिशेब आपल्याइतका कोणी ओळखलेला नाही.

तरी लोकांना वेडे म्हणायला आमची जीभ रेटत नाही, कारण आपल्या खानदानाचा इतिहासच तसा आहे. 1947 च्या जुलैत रॉसवेलला सैन्यानेच आधी जाहीर केले की उडती तबकडी सापडली, आणि 24 तासांच्या आत म्हटले की हवामानाचा फुगा होता. दोन्ही खोटे. तो 'मोगल' नावाच्या गुप्त प्रकल्पाचा सरंजाम होता. रशियाच्या अणुचाचण्यांचा आवाज उंच हवेत ऐकण्यासाठी फुग्यांच्या माळा सोडल्या जात. हे कबूल करायला 1994 उजाडले. त्यावर कडी म्हणजे 1997 चा अहवाल. रॉसवेलला लोकांनी पाहिल्याचे सांगितलेले परग्रहवासीयांचे मृतदेह म्हणजे उंचावरच्या फुग्यांतून खाली टाकलेले चाचणीचे पुतळे, असे त्यात म्हटले. ते पुतळे 1950 च्या दशकात टाकले होते.

मध्यंतरी यू-2 ही गुप्त हेरविमाने आली. प्रवासी विमाने 10,000 ते 20,000 फुटांवरून जात त्या काळात ही 60,000 फुटांच्या वर. खाली अंधारले तरी त्यांच्या पंखांवर सूर्य चमके. वैमानिक तक्रार करत आणि त्यांना सांगितले जाई की ते बर्फाचे कण होते. सीआयएच्याच नियतकालिकात 1997 मध्ये हे छापून आले. आणि 2025 मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने छापले की, 1980 च्या दशकात हवाई दलाच्या एका कर्नलने एरिया 51 या गुप्त तळाजवळच्या बारमालकाला तबकड्यांची बनावट छायाचित्रे नेऊन दिली, कारण रडारला न दिसणाऱ्या नव्या विमानावरून लक्ष उडवायचे होते. तेव्हा, सरकार काहीतरी लपवते आहे, हा लोकांचा संशय दर वेळी बरोबर ठरला. काय लपवते, हा अंदाज तेवढा दर वेळी चुकला. पहिल्या गोष्टीचे श्रेय त्यांना द्यावे. दुसरीचे आपल्याला.

आता आपले दार उघडायची भाषा चालू आहे, म्हणून काळजी वाटते. 2023 मध्ये शूमर आणि राउंड्स या सिनेटरांनी विधेयक आणले. केनेडी हत्येच्या कागदपत्रांच्या कायद्याच्या धर्तीवर स्वतंत्र मंडळ, शिवाय कंपन्यांकडे परग्रहाचा माल असल्यास तो सरकारजमा. डिसेंबरपर्यंत मंडळही गेले आणि जप्तीही. उरले राष्ट्रीय अभिलेखागारातले एक दप्तर. तिथे कागद पाठवायचे, आणि अडचण असेल तर नाही पाठवायचे. 2024 च्या जानेवारीत काही खासदार गुप्तचर यंत्रणांच्या महानिरीक्षकांचे म्हणणे ऐकायला आत जाऊन आले. बाहेर येऊन एक म्हणाले, बरीच प्रगती झाली. दुसरे म्हणाले, हवी ती उत्तरे मिळाली नाहीत. एकाच बैठकीतून दोन्ही पक्षांचे समाधान करून पाठवणे हे फक्त आपणासच जमते.

आमच्या देशात हे सुख नाही. 19 नोव्हेंबर 2023 ला इंफाळच्या विमानतळावर आकाशात काहीतरी दिसले, सुमारे तीन तास उड्डाणे थांबली, राफेल गेली, काही सापडले नाही. सुनावणी नाही, साक्ष नाही, शपथ नाही. संध्याकाळपर्यंत विषय मिटला.

तरी आमची नम्र विनंती की आपण दार उघडू नये. उघडलेच तर आत चांगले कॅमेरे, वाईट फायली आणि चाळीस माणसांची एकमेकांकडून ऐकलेली गोष्ट सापडेल, अशी आम्हाला दाट शंका आहे. मग ज्यांना विश्वास ठेवायचा आहे त्यांचे, ज्यांना नाकारायचे आहे त्यांचे आणि पुढच्या निवडणुकीला उभे राहायचे आहे त्यांचे, अशा सगळ्यांचेच हाल होतील.

कळावे.

आपला विश्वासू,
अमेरिकेत एक डॉलरही कर न भरलेला एक प्रेक्षक

प्रत माहितीसाठी सविनय सादर :
मा. परग्रहवासी (योग्य त्या मार्गे. पत्ता आपल्याच दप्तरी असल्याचे समजते.)