मुंगूस नसलेल्या बेटावर

हवाई म्हटलं की डोळ्यांसमोर नारळ, वाळू आणि फुलाफुलांचे शर्ट येतात. कानटोपी येत नाही. पण हवाईतल्या कवाई बेटावर कोकेए नावाचं सरकारी उद्यान आहे, ते समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांहून उंचावर. जवळच वायालेआले डोंगर, जगातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. सूर्य मावळला की शाल शोधावी लागते आणि केबिनमधली लाकडाची शेगडी पेटवावी लागते. त्याच बेटावर, त्याच वेळी, खाली किनाऱ्यावर लोक उघड्या अंगाने सरबत पीत बसलेले असतात.

तिथल्या केबिनमध्ये राहायला निघालो, तेव्हा मुलाने आधीच बजावलं होतं, "बाबा, तिथे फारशा सोयी नाहीत हं." त्याचा सूर ऐकून मला वाटलं, विहिरीवरून घागरी आणाव्या लागणार. प्रत्यक्षात खोल्या लाकडी आणि जुन्या, पण गरम पाण्याची न्हाणी, फ्रिज, स्वयंपाकाचा ओटा, भांडी, अंथरूण-पांघरूण सगळं हजर. नव्हता तो टीव्ही, आणि मोबाइलची रेंज. आमच्या पिढीत याहून कमी सामानावर लग्नं ठरली आहेत. खाणावळ मात्र दिवेलागणीआधीच बंद होते आणि किराणा हवा तर डोंगर उतरून पंचवीसेक किलोमीटर खाली जायचं. म्हणूनच हिने पिशवीत मेतकूट टाकलं होतं. या दूरदृष्टीचा उल्लेख पुढे रोज जेवताना झाला.

इथले खरे यजमान म्हणजे कोंबडे. गवताच्या मैदानावर, मोटारींच्या टपावर, केबिनच्या पायरीवर, तांबडे-सोनेरी आणि भलतेच रुबाबदार. त्यांचे पूर्वज पॉलिनेशियन दर्यावर्द्यांनी होड्यांतून आणलेले. पुढे 1982 आणि 1992 च्या चक्रीवादळांत घरोघरची खुराडी मोडली आणि पाळीव कोंबड्याही रानात सामील झाल्या, असं सांगतात. पहाट नेमकी केव्हा होते याबद्दल या कोंबड्यांत एकमत नाही. एकाला अडीच वाजता शंका येते, ती तो बोलून दाखवतो, आणि बाकीचे लगेच आपापलं मत नोंदवतात.

हे एवढे माजले कसे, याचं उत्तर मुंगसात आहे. 1883 साली हवाईतल्या ऊसमळेवाल्यांनी उंदीर मारायला जमैकाहून मुंगसं मागवली. ही मुंगसं मूळची आपलीच, 1872 मध्ये कोलकात्याहून जमैकाला गेलेली. योजना झकास होती. फक्त उंदीर रात्री कामावर निघतो आणि मुंगूस दिवसा, हे कुणी पाहिलं नाही. दोघांची पाळी एक होईना. मग मुंगसांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी फस्त करायला घेतली. कवाईला पाठवलेल्या मुंगसांपैकी एक म्हणे गोदीतल्या कामगाराला चावलं, आणि त्याने संतापून पिंजरेच समुद्रात लोटले. खरं-खोटं तो कामगार जाणे, पण कवाईवर मुंगसांचं बस्तान बसलं नाही हे खरं. म्हणून इथे नेने हा हंस, हवाईचा राज्यपक्षी, रस्त्याकडेला पिल्लांसह निवांत चरतो. मुंगूस आडवं गेलं की दिवस चांगला जातो, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. कोंबडीचं मत कुणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडे रानातून आल्यावर पाय धुतात, इथे रानात शिरण्यापूर्वी बूट धुवायचे. पायवाटेच्या तोंडाशी ब्रश ठेवलेला असतो. तळव्याच्या खाचांतला चिखल घासून काढायचा, वर जंतुनाशक फवारायचं. ओहिया नावाच्या इथल्या मूळच्या झाडाला एका बुरशीने ग्रासलंय आणि ती चिखलाबरोबर बुटांवरून प्रवास करते. ओहियाचं लाल, झुबकेदार फूल तोडलं तर पाऊस येतो, अशी समजूत आहे. पाऊस न तोडताही येतच होता, त्यामुळे परीक्षा घेता आली नाही.

त्या ओल्या वाटेवर ही एकदम थांबली. "अहो, सोनटक्का!" सोनटक्का नव्हे, त्याचा हिमालयातला पिवळा भाऊबंद. हातभर लांब तुरे, त्यांतून निघालेले लाल केसर, आणि वास तर थेट माहेरचा. शोभेसाठी कुणीतरी आणला आणि आता तो रान गिळायला निघालाय. गड्ड्यांची अशी चटई विणतो की खाली दुसरं रोप धरत नाही. स्वयंसेवक येऊन त्याचा नायनाट करत असतात. हे मी सगळं नीट समजावून सांगितलं. हिने तेवढ्याच नीट ऐकून घेतलं.

"मग चार तुरे मी काढले तर त्यांना मदतच की!"

नुसते तुरे काढून भागत नाही, गड्डा खणावा लागतो, असं मी म्हणालो. यावर तिने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "केबिनमध्ये खुरपं ठेवतात का हो?"