खळ्यावरचं लग्न

इंग्लंडमध्ये धान्याच्या कोठारात लग्न करायचं तर गाठीला चांगला पैसा लागतो. पैसा नसेल त्याने सरकारी नोंदणी कार्यालयात जाऊन सही करावी. बार्न म्हणजे जाड दगडी भिंतींचं, ओकच्या तुळयांचं जुनं कोठार. ते वर्ष-दीड वर्ष आधी धरून ठेवावं लागतं, आणि एका दिवसाचं त्याचं भाडं भाच्याने सांगितलं तेव्हा मी त्याला महिन्याचं विचारलं नव्हतं अशी आठवण करून दिली. आमच्या कोरेगावकडे दारात लग्न असलं की आधी गोठा झाकतात. गुरं शेजाऱ्याच्या परड्यात, शेणाचा ढीग ताडपत्रीखाली, आणि पुढे मंडप. तिकडे गोठा पुढे आणि लग्न त्याच्या आत.

भाचा ही लग्नं शूट करतो. सोमवार ते शुक्रवार तो एका कंपनीत कसलेसे आकडे तपासतो आणि शनिवारी कॅमेरे घेऊन कोठारांकडे पळतो. त्याचा नेहमीचा मदतनीस आजारी पडला. माझ्या व्हिसावर नोकरीला मनाई होती, पण मावशीने भाच्याची पिशवी धरणं याला आमच्याकडे कोणी नोकरी म्हणत नाही. मी निघाले.

नवरी नाशिककडची, नवरा इंग्रज, जागा कॉट्सवोल्ड्समध्ये. हा भाग म्हणजे मधाच्या रंगाचा चुनखडी दगड, बुटक्या टेकड्या आणि मेंढ्या. मोठा रस्ता सोडला की पुढे एकाच गाडीपुरती वाट, दोन्हीकडे डोक्याइतकं उंच कुंपणाचं झुडूप. समोरून गाडी आली तर एकाने मागे जायचं. कोणी जायचं यावरून तिथे भांडण होत नाही. दोघेही मागे जातात आणि मग दोघेही पुन्हा पुढे येतात.

वाटेत ऑक्सफर्डशायरमध्ये फॅरिंग्डनजवळ भाच्याने गाडी मुद्दाम ग्रेट कॉक्सवेलला नेली. म्हणाला, "मावशी, आधी अस्सल बघ, मग आपलं बघू." तिथलं कोठार सन 1292च्या सुमाराचं. म्हणजे देवगिरीवर रामदेवराव यादव राज्य करत होता तेव्हा ब्यूली मठाच्या साधूंनी आपल्या शेतीच्या उत्पन्नासाठी हे बांधलं. दीडशे फूट लांब, आणि वर लाकडाची अशी चळत की मान मोडावी. जवळच्या केल्म्स्कॉट गावात राहणारा विल्यम मॉरिस हा कारागीर-कवी आपल्या पाहुण्यांना हे कोठार दाखवायला आणायचा. आता ते नॅशनल ट्रस्ट सांभाळतो. आत काही नाही. काळोख, गारवा आणि भिंतीत हाताएवढ्या फटी.

मी मात्र दारं बघत उभी राहिले. लांब भिंतींच्या मधोमध, समोरासमोर दोन. भरलेली गाडी एकातून आत आणि मोकळी दुसऱ्यातून बाहेर, हे कोणीही सांगेल. पण दोन दारांच्या मधली जमीन म्हणजे खळं. तिथे मळणी करायची, मग दोन्ही दारं उघडून आरपार वारा घ्यायचा आणि उफणायचं. दाणा खाली, भूस दाराबाहेर. फटी हवा खेळती ठेवायला, म्हणजे धान्य कुबट होत नाही. थोडक्यात, बार्न ही वारा आत घेणारी आणि उजेड बाहेर ठेवणारी इमारत आहे. शूटिंगवाल्याला नेमकं उलटं लागतं. हे मी भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "गेली पाच वर्षं मी हेच बायकोला सांगतोय, तिला वाटतं मी कारणं देतो."

आमच्या लग्नाचं कोठार याहून पुष्कळ लहान आणि पुष्कळ नटलेलं होतं. दुधाच्या जुन्या कॅनमध्ये पांढरी फुलं. भिंतीला विळे, जू आणि एक चाक. बसायला गव्हाच्या काडाचे चौकोनी गठ्ठे, त्यांच्यावर लोकरी घोंगड्या. त्या घोंगडीतून काड बरोबर वर येतं आणि पैठणीच्या जरीत अडकतं, त्यामुळे नवरीकडच्या बायका दिवसभर उभ्या होत्या आणि नवऱ्याकडच्यांना वाटलं की ही आपल्याकडची रीत आहे. तेही उभे राहिले.

कोठाराच्या मागे खरं शेत होतं. पत्र्याची भली मोठी शेड, तिच्यात दोन मजली घराएवढा ट्रॅक्टर, काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या मुरघासाच्या गठ्ठ्यांची रांग, आणि वाऱ्याबरोबर येणारा ओळखीचा वास. हे सगळं फ्रेमच्या बाहेर ठेवणं हे भाच्याचं खरं कसब. पाहुण्यांना शेत हवं असतं, शेती नको असते. "मावशी, ट्रॅक्टरचं चाक दिसतंय, जरा पुढे उभी राहा." मी राहिले. "आता तू दिसतेस."

मालक बुटांवर चिखल घेऊन आला. बापजाद्यांची जमीन, गहू आणि मेंढ्या. त्याने हातवारे करून मला पटवून दिलं की वर्षभराच्या गव्हापेक्षा उन्हाळ्यातले शनिवार बरे. गव्हाला पाऊस लागतो, मग ऊन लागतं, मग भाव लागतो. नवरीला फक्त तारीख लागते. मी त्याच्या हिरव्या कणसातला दाणा नखाने दाबून दूध बघितलं, त्याने माझ्याकडे नव्या आदराने पाहिलं. मालकीणबाई स्कॉटलंडच्या. नियम त्यांच्या हातात होते.

नियमांची पुस्तिकाच होती. मेणबत्ती नाही, आकाशकंदील नाही, फटाके नाहीत. छपराच्या एका टोकाला वटवाघळं राहतात. 1981च्या कायद्याने त्यांना छेडणं गुन्हा आहे, तेव्हा तिकडे दिवा रोखायचा नाही. करवल्यांच्या तोंडावर रोखायला हरकत नव्हती. होम अंगणात, लोखंडी कुंडात, शेजारी आग विझवायचं नळकांडं. आणि तांदूळ नाही! पाय घसरतात, उंदीर येतात. शेकडो वर्षं ज्या जागेने पोत्यांनी गहू पचवला तिला मूठभर अक्षता जड झाल्या. त्याऐवजी वाळवलेल्या फुलांच्या पाकळ्या चालतात, त्या मालकीणबाईच विकतात.

आधी सरकारी लग्न. इंग्लंडात 1994चा कायदा होईपर्यंत चर्च किंवा नोंदणी कार्यालय, एवढेच पर्याय बहुतेकांना होते. तो कायदा 1995पासून लागू झाला आणि मंजुरी मिळालेल्या वाड्या-हवेल्यांत, हॉटेलांत, कोठारांत रजिस्ट्रार येऊ लागले. पण अट अशी की त्या विधीत धार्मिक काही नको. त्यामुळे रजिस्ट्रारबाईंचं लग्न आणि गुरुजींचं लग्न ही दोन वेगळी लग्नं, आणि कायद्याला दिसतं ते फक्त पहिलं. बाईंनी भाच्याला एक कोपरा दिला आणि वचनं होईपर्यंत तिथून हलायचं नाही म्हणून सांगितलं. सहीच्या खऱ्या कागदाचं जवळून चित्रण चालत नाही, म्हणून नवरा-नवरीने नंतर एका कोऱ्या कागदावर टोपण न काढलेलं पेन टेकवून दोन मिनिटं प्रेमाने हसायचं. फिल्ममध्ये सगळे रडतात ते इथे.

सरकारी लग्नाला दहा मिनिटं उरली असताना शेजारच्या रानात घरघर सुरू झाली. जून महिना, चार दिवस ऊन, म्हणजे शेजारी गवत कापणार. कोण थांबेल? भाचा कुंपणावरून माफी मागत गेला आणि तसाच परत आला. मग मी नवरीच्या आईकडून बेसनाच्या लाडवांचा डबा घेतला आणि गेले. त्या माणसाने एक लाडू खाल्ला, यंत्र बंद केलं, दुसरा खाल्ला. डबा तिथेच ठेवून यावं लागलं, पण वचनांच्या आवाजात आज घरघर नाही.

आता गुरुजी. गुरुजी स्लाउहून आलेले, मुहूर्ताला पक्के. भाच्याचे दोन कॅमेरे अंतरपाटाच्या दोन बाजूंना आणि तिसरा वर माळ्यावर. दारं उघडी ठेवली तर उजेड छान, पण दारातला माणूस काळाठिक्कर दिसतो आणि वारा आरपार. बंद केली तर वारा थांबतो आणि उरतात तुळयांवरच्या पिवळ्या दिव्यांच्या माळा, ज्या डोळ्यांना शांत दिसतात आणि कॅमेऱ्यात लुकलुकतात. एक दार उघडं, एक बंद ठेवलं तर नवरदेव एका गालाने हळदीचा आणि दुसऱ्या गालाने निळा. भाच्याने उजेड निवडला.

दोन मामांनी अंतरपाट धरला आणि सव्वासातशे वर्षांच्या विद्येने आपलं काम केलं. वारा एका दाराने आला, अंतरपाट शिडासारखा फुगला, मामा फरफटत दोन पावलं गेले आणि नवरा-नवरी मुहूर्ताच्या बरंच आधी समोरासमोर आले. नवरा "हॅलो" म्हणाला. गुरुजींनी ते ऐकलं नाही असं ठरवलं. भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी गठ्ठ्यातलं चिमूटभर भूस घेतलं, डोक्याच्या उंचीवरून सोडलं, कुठे जातंय ते पाहिलं आणि कोणतं दार ओढायचं ते सांगितलं. आयुष्यभर उफणलेल्या बाईला एवढं कळायला ॲप लागत नाही. मालक दारातून हे बघत होता. त्याने स्वतः दार ओढलं.

वारा पडला तशा मेंढ्या ऐकू यायला लागल्या. गुरुजींचं "सावधान" ताणून संपलं की मागच्या टेकडीवरून एक मेंढी उत्तर द्यायची. प्रत्येक कडव्याला, न चुकता. भाच्याने कपाळाला हात लावला, कारण मेंढीचा आवाज आणि गुरुजींचा आवाज एकाच पट्टीत येतो. एक गाळायला गेलं की दुसराही पातळ होतो. आवाजाची आणखी एक अडचण होमाच्या वेळी आली. वाऱ्यासाठी माइकला केसाळ टोपडं घालतात, धंद्यातले लोक त्याला 'डेड कॅट' म्हणतात. नवऱ्याच्या कोणा मित्राने ही माहिती गुरुजींना कौतुकाने दिली. तेव्हापासून गुरुजींनी ते टोपडं होमकुंडापासून दहा पावलं लांब ठेवायला लावलं, आणि स्वाहाच्या जागी फिल्ममध्ये पुष्कळसं वातावरण आहे.

जूनमध्ये तिथे सूर्य साडेनऊच्या सुमाराला मावळतो. म्हणजे शूटिंगवाल्यांना लागणारं ते तिरपं सोनेरी ऊन बरोबर जेवणात आणि भाषणात येतं. नवरीचा बाप बोलतो, नवरा बोलतो, नवऱ्याचा जिवलग मित्र नवऱ्याची अब्रू काढतो, आणि नेमक्या त्याच क्षणी शूटिंगवाला येऊन "फक्त दहा मिनिटं" म्हणत जोडप्याला टेकडीवर नेतो. आमच्या जोडप्याला गव्हाच्या कडेने चालायला सांगितलं. नवरी नऊवारीत पुढे, नवरा चटणीच्या रंगाचा फेटा सावरत मागे. मी सांगून पाहिलं की दुधात आलेला गहू तुडवू नये. मालकाने आनंदाने मान हलवली, पण भाड्यात तो पट्टा आधीच धरलेला होता.

रात्री कोठाराच्या भिंतीवरच्या एका पेटीकडे माझं लक्ष गेलं. हिरवा, पिवळा, लाल असे दिवे. हा साउंड लिमिटर. जुन्या कोठाराचं छप्पर आवाज अडवत नाही, गावाला त्रास होतो, म्हणून ही पेटी कान लावून बसते. आवाज ठरलेल्या डेसिबलच्या वर जाऊन काही सेकंद टिकला की ती बँडच्या सॉकेटची वीजच तोडते. मालकाने अभिमानाने सांगितलं की मोठमोठे बँड त्याने या पेटीपुढे गप्प बसताना पाहिलेत.

नवरीच्या चुलतभावांनी ढोल आणि ताशा आणला होता. ताशाच्या पहिल्या तर्रीला पिवळा. ढोल पडला, लाल. डीजेने घाबरून आपला आवाज खाली घेतला, मग पूर्ण बंद केला. पेटीने वाट पाहिली आणि वीज तोडली. डीजेचे पडदे गेले, त्याच सॉकेटवरच्या दिव्यांच्या माळा गेल्या, कॉफीचं यंत्र गेलं. ढोल चालूच. चामडं विजेवर चालत नाही हे पेटीला कोणी शिकवलं नव्हतं. तिने सर्वांत मोठी शिक्षा आधीच देऊन टाकली होती, आता तिच्या हातात काही नव्हतं. अंधारात दीडशे माणसं नाचायला लागली. रजिस्ट्रारबाईंपुढे सरळ उभी राहिलेली इंग्रज आजी फुगडी मागायला लागली. भाच्याचे कॅमेरे बॅटरीवर, त्याने मोबाइलचे टॉर्च वर धरायला लावले आणि तोंडभर हसत शूट केलं. दिवसभरात पहिल्यांदा त्याला ना दार आडवं आलं, ना मेंढी.

मालकीणबाई आल्या, पेटीकडे पाहिलं, ढोलाकडे पाहिलं आणि वहीत काही लिहिलं.

फिल्म तयार झाल्यावर मालकाने ढोलाचा तेवढा तुकडा मागून घेतला. पेटी बसवणाऱ्यांना दाखवायला, असं म्हणाला. भाच्याला त्याबदल्यात कोठाराच्या शिफारशीच्या यादीत जागा मिळाली, आणि या धंद्यात ती यादी म्हणजेच पुढचा उन्हाळा. यादीसोबत पुस्तिकेची नवी आवृत्ती आली. तांदूळ नाही, मेणबत्ती नाही, कंदील नाही यांच्या खाली एक कलम वाढलं होतं: विजेवर न चालणारी वाद्यं आणू नयेत. बॅगपाइपला सूट आहे.