सीतेचा आवाज कुणाचा?

रामनवमीच्या आठवड्यात आमच्या भागात गीतरामायणाचा कार्यक्रम झाला. निवेदकानं गदिमांच्या आणि बाबूजींच्या आठवणी सांगितल्या, मनापासून सांगितल्या. गायिकेनं सीतेचं गाणं संपवलं, टाळ्या पडल्या, आणि माझ्या शेजारच्या आजी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "माणिकबाईंचं नाव नाही घेतलं हो यांनी." तेव्हापासून मला चैन नाही, कारण आजींचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

१ एप्रिल १९५५, रामनवमी. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. मूळ कल्पना सीताकांत लाड यांची. दर आठवड्याला गदिमांचं, म्हणजे ग. दि. माडगूळकरांचं, एक नवं गाणं, चाल बाबूजींची, म्हणजे सुधीर फडक्यांची. वर्षाची बावन्न व्हायची, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि गाणी ५६ झाली. ही सगळी गाणी एकट्या फडक्यांनी गायली नव्हती. राम त्यांच्या आवाजात होता. सीता माणिक वर्मांच्या, कौसल्या ललिता फडके यांच्या. वसंतराव देशपांडे होते, राम फाटक होते, सुरेश हळदणकर होते. वनात सोडून दिलेल्या सीतेनं लक्ष्मणाला जे विचारलं, ते लता मंगेशकरांनी विचारलं. प्रत्येक पात्र आपल्या तोंडानं बोलत होतं.

पुढे बाबूजींनी मंचावरून आणि ध्वनिमुद्रिकांवर सगळी गाणी स्वतः गायली. घराघरांत पोचलं, पाठ झालं, ते हेच. चाली त्यांच्या, अधिकारही त्यांचाच. आणि शब्दाला त्यांच्याइतकं जपणारा गायक मराठीत विरळा. पण दोन्ही गायनं एकामागून एक ऐकून पाहा. बाबूजी एकटे गातात तेव्हा कीर्तनकार सगळी कथा सांगत असतो, राम तोच आणि कैकेयीही तोच. रेडिओवरच्या मूळ गाण्यात कौसल्येचा घोर एका बाईच्या गळ्यातून येतो, आणि तिथे आपण कथा ऐकत नसतो, त्या घरात उभे असतो. एकानं दुसरं पुसलं जावं असं या दोहोंत काही नाही. प्रत्यक्षात मात्र रेडिओवरचं मूळ गायन पुसलं जातंय.

दुसऱ्यानं गायलेलं गाणं हक्कधारकाच्या परवानगीशिवाय नव्यानं ध्वनिमुद्रित करणाऱ्याला आपला कॉपीराइट कायदा २०१२ च्या दुरुस्तीपासून स्पष्ट बजावतो: मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं थांबा, आगाऊ मानधन भरा, आणि वेष्टनावर हे नव्यानं गायलेलं आहे असं छापा. तो नियम विकल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रणाचा आहे, रामनवमीच्या मंडपाचा नाही. मंडपात मूळ गायकाला मान द्यायचा तो आपण. मोबाइलवरच्या गाण्यांच्या यादीतही गायक म्हणून एकच नाव दिसतं, आणि दहावीतली मुलगी तेच खरं धरते. तिची काय चूक?

रेडिओवर नावं घेण्याची ही शिस्त आपल्या कानांवर वर्षानुवर्षं पडलेली आहे. गाणं लागायच्या आधी निवेदिका सांगायची: गीत अमुक, संगीत अमुक, स्वर अमुक. दहा सेकंदांचं काम. गीतरामायणाच्या मंचावर निवेदक चौदा वर्षांचा वनवास सांगायला पंधरा मिनिटं घेतो. त्याला "हे गाणं आकाशवाणीवर पहिल्यांदा माणिक वर्मांनी गायलं" एवढं म्हणायला वेळ नसावा, हे मला पटत नाही. आज ते गाणं गाणाऱ्या गायिकेचा त्यात कणभरही कमीपणा नाही. उलट आपण कुणाच्या जागी उभ्या आहोत हे तिला कळलं, तर तिचा पहिला सूर आणखी सांभाळून लागेल.

पुढच्या रामनवमीला मी मंडपात अर्धा तास आधी जाणार आहे. खिशात एक कागद असेल, त्यावर गाण्यांपुढे १९५५-५६ सालच्या गायक-गायिकांची नावं, ठळक अक्षरात, आजींकडून तपासून घेतलेली. निवेदकाच्या हातात देईन आणि पहिल्या रांगेत बसेन.