प्रोजेक्ट विकत, पॅच फुकट

शेवटच्या सेमिस्टरला संगणकाची किती मुलं तयार प्रोजेक्ट विकत आणतात, हे कॉलेजला माहीत असतं, पालकांना माहीत असतं, तोंडी परीक्षा घेणाऱ्यालाही माहीत असतं. ‘लायब्ररी मॅनेजमेंट’, ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट’, वर्षानुवर्षं तेच. बायंडिंग नवं, आतला माल जुना. त्याला मार्क मिळतात. त्याच वर्गातलं एखादं लेकरू वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमधली चूक हुडकतं, दुरुस्त करून पाठवतं, आणि ती दुरुस्ती जगभरच्या वेबसाइटवर पोचते. त्याला मार्क शून्य. घरी प्रश्न एकच: “त्याचे पैसे किती देतात?”

हा हिशोब उलटा आहे, आणि परभणी जिल्ह्यातल्या सेलूसारख्या गावाला तो सगळ्यात महाग पडतो.

जगातल्या दर शंभर वेबसाइटमागे चाळीसहून जास्त वर्डप्रेसवर चालतात. हे सॉफ्टवेअर कुठल्या बड्या कंपनीत जन्मलेलं नाही. कॉर्सिका बेटावरच्या मिशेल वाल्द्रिगीनं ब्लॉग लिहिण्यासाठी ‘बी-टू’ तयार केलं होतं. ते काम मध्येच थांबलं. जानेवारी २००३ मध्ये ह्यूस्टनच्या मॅट मुलेनवेगनं ते पुढं न्यायची इच्छा बोलून दाखवली. वय वर्षं १९. इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टहून माइक लिटलनं कळवलं, मी सोबत येतो. दोघांनी एकमेकांना पाहिलेलंही नव्हतं. २७ मे २००३ ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती निघाली. हे जमलं, कारण बी-टू जीपीएल परवान्याखाली होतं: कोड वाचा, बदला, वाटा, आणि पुढच्यालाही तोच हक्क द्या. त्या परवान्यात गावाचं नाव विचारायचा रकाना नाही. स्टॉकपोर्टला जे जमलं ते सेलूला जमतं.

आमची पोरं मात्र मुंबईला देवगिरी एक्सप्रेसनं जातात, पुण्याला रातराणी बसनं, आणि तिथं पोचल्यावर कुणाच्या तरी हाताखाली उमेदवारी करतात. ज्या कामाला गाव सोडावं लागत नाही, त्या कामाची माहिती त्यांना गावात कुणी दिलेलीच नसते.

काम सोपं नाही, हेही सांगितलं पाहिजे. सापडलेल्या चुकीची नोंद आधी ‘तिकीट’ म्हणून होते. मग कुणीतरी पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, लिहितं. दुसरा तो तपासतो, तिसरा चाचणी मागतो, चौथा म्हणतो की यानं जुन्या साइट मोडतील. काही तिकिटं वर्षानुवर्षं पडून राहतात. बैठकांच्या वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठरतात. तिथले संध्याकाळचे आठ म्हणजे आपल्याकडे रात्रीचा दीड. पॅच स्वीकारला गेला की त्या नोंदीत ‘प्रॉप्स’ म्हणून नाव लागतं. मोठी आवृत्ती निघाली की वर्डप्रेसच्या डॅशबोर्डातच श्रेयनामावली उघडते, शेकडो नावांची. सप्ताहात पंगत देणाऱ्याचं नाव माइकवरून पुकारतात, तसाच हा मान. फरक इतकाच की सप्ताहातलं नाव आख्खं गाव ऐकतं. हे नाव मात्र ज्याच्या दुकानाची साइट त्यावर चालते, तोही कधी वाचत नाही.

राखणाऱ्यांची नावं न वाचल्याची किंमत असते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्याशा सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा सापडला. ते अनेक लिनक्स प्रणालींमध्ये वापरलं जातं, आणि त्याची देखभाल मुख्यतः एका थकलेल्या स्वयंसेवकाच्या अंगावर होती. ‘मदत करतो’ म्हणत आलेल्या अनोळखी माणसानं दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि मग घात केला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, म्हणून जग वाचलं. वापरणारे सगळे, राखणारा एक, अशी व्यवस्था कधीतरी अशीच फुटते.

वर्डप्रेसलाही अशाच व्यवस्थेची झळ लागली. सप्टेंबर २०२४ मध्ये मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांचं जाहीर भांडण पेटलं. तुम्ही घेता तितकं परत देत नाही, हा त्यातला एक मोठा आरोप होता. प्लगइन आणि अपडेट जिथून येतात त्या भांडाराची दारं मुलेनवेगनं त्या कंपनीला बंद केली. डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या आदेशानं उघडली. मोठ्यांच्या भांडणात तिथल्या ग्राहकांचे अपडेट अडले, आणि त्यांच्या साइट सांभाळणारे छोटे डेव्हलपर रात्री जागले. परत द्या, ही मागणी रास्तच आहे. पण सगळ्यांच्या भांडाराची किल्ली एकाच माणसाच्या खिशात असणं तितकंच गैर आहे. परवान्यानं कोड सुरक्षित ठेवला. माणसं सुरक्षित ठेवायची तर राखणारे हात वाढवावे लागतील.

म्हणून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे एक साधी मागणी आहे. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंगला श्रेयांक आहेत. अशा खुल्या, म्हणजे ओपन सोर्स, सॉफ्टवेअरमध्ये स्वीकारल्या गेलेल्या कामाला तेच श्रेयांक द्या. पडताळणीही सोपी: कुणी काय लिहिलं, कधी लिहिलं, कुणी तपासलं, सगळं जाहीर असतं. विकत आणलेल्या फाइलीचा असा एकही पुरावा कॉलेजकडे नसतो.

दुसरी मागणी साइट बनवून विकणाऱ्यांकडे. वर्डप्रेस तुम्हाला शून्य रुपयांत मिळतं, बिल तुम्ही पूर्ण लावता. बिल लावा, मेहनत तुमची आहे. पण २०१४ मध्ये मुलेनवेगनं एक प्रमाण सुचवलं होतं: शंभरातले पाच, वेळ किंवा माणूसबळ, परत द्यायचे. झेरोधा या शेअर दलाली कंपनीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये जगभरच्या ओपन सोर्ससाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. परभणी जिल्ह्यातल्या दोन माणसांच्या ऑफिसला तेवढं जमणार नाही, कुणी मागतही नाही. आठवड्याचे दोन तास जमतात.

त्या दोन तासांसाठी कोड यायलाच हवा, असंही नाही. वर्डप्रेसचं आणि त्याच्या हजारो प्लगइनचं मराठी भाषांतर स्वयंसेवकच करतात, आणि करण्यासारखं अजून खूप उरलंय. मराठीचा शिक्षक, निवृत्त कारकून, बारावीची मुलगी, कुणीही वर्डप्रेसच्या साइटवर खातं उघडून आज एक ओळ सुचवू शकतं. ती तपासणाराही मराठी माणूसच असतो. सुरुवात तिथून करा, आणि या आठवड्यातच करा.