अण्णा आणि आठ अक्षरं

आमच्या सर्व्हर रूमचे अण्णा माणसांची नावं विसरतात, मशीनचे आकडे नाही. मला ते लिफ्टमध्ये वर्षानुवर्षं दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारतात. पण रॅकमधल्या कुठल्याही मशीनचा होस्टआयडी, म्हणजे त्याचा ओळख-आकडा विचारा, आठही अक्षरं तोंडपाठ. शिवाय प्रत्येकाच्या कपाळावर मार्करने लिहिलेली पट्टी, आणि ती पुसू नये म्हणून वर सेलोटेप.

मशीन रीबूट झालं की चहाच्या आधी 'होस्टआयडी' ही कमांड. ००७एफ०१०१ असं उत्तर आलं की अण्णांचा चेहरा पडतो. म्हणजे इटीसी फोल्डरात होस्टआयडीची फाइलच नाही, डेबियनने १२७.०.१.१ या पत्त्यावरून वेळ मारून नेलीय. "हा आकडा गावभर सापडेल. ही काय ओळख झाली?"

त्यांची तळमळ अगदीच उगाच नाही. डिस्कांचा पूल शेवटचा कुठल्या मशीनने वापरला, त्याचा होस्टआयडी झेडएफएस हे स्टोरेज सॉफ्टवेअर डिस्कवरच नोंदवतं. पूल नीट एक्स्पोर्ट केलेला नसला आणि समोर वेगळा आकडा आला, की ते इंपोर्टला साफ नकार देतं. उद्या त्याच मशीनचा आकडा बदलला, तर घरचाच माणूस परका ठरतो. नवी पोरं अशा वेळी सरळ डॅश एफ मारतात, म्हणजे जबरदस्ती. अण्णांच्या लेखी हा फौजदारी गुन्हा. "दुसरं मशीन बंद आहे? कुणी सांगितलं? डॅशबोर्डने?" मग स्वतः जाऊन त्या मशीनची पॉवर केबल उपटणार, ती हातात घेऊन परत येणार, आणि मगच परवानगी. अतिरेकच म्हणायचा. पण दोन मशीन एकाच वेळी एका पुलावर लिहू लागली की पूल कामातून जातो, आणि आमचा एकही गेलेला नाही.

परवा एका पोराने व्हर्च्युअल मशीनची कॉपी काढली. इटीसीतली फाइलही सोबत गेली. दोघांचा आकडा एकच! अण्णा दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी पोराला शेजारी बसवून म्हणाले, "कॉपीवर झेडजेनहोस्टआयडी चालव, नवा आकडा मिळेल." चालवलं. उत्तर आलं, फाइल आधीच आहे. तिच्यावर नवी लिहायची तर डॅश एफ द्यायला हवा.

पोराने अण्णांकडे पाहिलं. अण्णा एसीचं तापमान वाचत होते.

"तू मार," ते म्हणाले. "मी बघितलेलं नाही."