नाली दुरुस्तीची लोकसहभागी पद्धत

प्रस्तुत मार्गदर्शन यवतमाळ शहरातल्या ले-आऊटवासीयांसाठी आहे. पुसद, वणी, दिग्रसकरांनी ते आपापल्या जबाबदारीवर वापरावे.

साहित्य फार लागत नाही. एक तुंबलेली नाली, सह्या करायला दहा-बारा घरे, सुवाच्य अक्षराचे एक निवृत्त गुरुजी आणि निदान तीन सरकारी कार्यालये. नाली शोधावी लागत नाही, वासावरून सापडते. कार्यालयांचे मात्र नीट समजून घ्यावे. नवखा माणूस इथेच चुकतो आणि सगळ्यासाठी नगरपरिषदेत जातो. यवतमाळात नळाचे पाणी नगरपरिषद देत नाही, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देते. ते पाणी वापरून झाले, की मग ते नगरपरिषदेचे. विजेचा खांब महावितरणचा. गल्लीतला रस्ता नगरपरिषदेचा, मोठा रस्ता बांधकाम विभागाचा असू शकतो, आणि तुळजापूरहून नागपूरच्या दिशेने जाणारा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, त्याला लांबूनच नमस्कार करावा. तुमची नाली खांबाला वळसा घालून, प्राधिकरणाच्या पाइपावरून उडी मारून मोठ्या रस्त्याखाली गडप होत असेल तर अभिनंदन! तिच्यावर चार कार्यालयांचा हक्क आहे, म्हणजे ती कोणाचीच नाही.

वडगाव, उमरसरा, वाघापूर, लोहारा भागांतल्या रहिवाशांना एक जादा सोय आहे. ही गावे हद्दवाढीत शहरात आली. तिथल्या जुन्या नालीचा जन्म ग्रामपंचायतीतला आणि आजारपण नगरपरिषदेतले, त्यामुळे जन्माचा दाखला कोणी दाखवू शकत नाही.

अर्जात ‘तात्काळ’ हा शब्द निदान तीनदा यावा. पोच घ्यावी. पोच हीच या पद्धतीतली पहिली मिळकत असते आणि बरेच जण तेवढ्यावर समाधानी होतात. जे होत नाहीत त्यांनी तक्रारी ऐकण्याचा सरकारी दिवस, म्हणजे लोकशाही दिन, गाठावा. तालुक्याचा तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी, अर्ज पंधरा दिवस आधी. इथे एक बारीक अट आहे : तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी. नाली तर सार्वजनिक. तेव्हा गुरुजींनी मसुदा बदलावा. ‘परिसरात डासांचा प्रादुर्भाव झाला आहे’ हे खोडून ‘मला डास चावतो’ असे लिहावे. लोकशाहीत एवढी तडजोड चालते.

कायद्याचे वाचन असलेल्यांसाठी आणखी एक वाट आहे. राज्याने 2009 मध्येच पालिकांच्या कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद केली. गावाला ग्रामसभा, तशी मोहल्ल्याला क्षेत्रसभा. मतदारांनी जमावे, कोणती कामे आधी हवीत ते सांगावे, नगरसेवकाने अध्यक्षस्थानी बसावे. कल्पना इतकी चांगली आहे, की वापरून खराब होऊ नये म्हणून ती राज्यभर कायद्यातच जपून ठेवली आहे. त्यातही 2016 साली निवडून आलेल्यांची मुदत संपल्यावर पुढच्या निवडणुकीला 2025 चा डिसेंबर उजाडला. मधली वर्षे प्रशासकांची गेली, तेव्हा अध्यक्ष तरी कुठून आणणार?

काही लोक इथे पाणी फाउंडेशनचे उदाहरण देतात. वॉटर कपच्या वेळी आपल्याच जिल्ह्यातल्या गावांनी एप्रिल-मेच्या उन्हात फावडी-घमेली घेऊन जलसंधारणासाठी श्रमदान केले, हे खरे आहे. पण तिथे स्पर्धा होती, गुण होते, वर गावात उठल्यासुटल्या कोणी ‘हे कोणत्या विभागाचे?’ असे विचारत नव्हते. ले-आऊटमधला माणूस फावडे उचलण्याआधी टॅक्सची पावती काढतो. आम्ही पैसे भरतो, हे त्याचे श्रमदान.

आता मुख्य कृती : संयुक्त पाहणी. जिल्ह्यात खरोखर काही उपयोगाचे असेल तर हेच, म्हणून थोडे सविस्तर. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणे आटली, शहर टँकरच्या मागे धावले, आणि बेंबळा धरणाचे पाणी अमृत योजनेतून आणायचे काम सगळ्यांच्या तोंडी आले. पुराणात मंथन आधी आणि अमृत नंतर. आपल्याकडेही रस्ते आधी घुसळले गेले. तेव्हापासून कोणत्याही खड्ड्याबद्दल पालिका म्हणते प्राधिकरण, प्राधिकरण म्हणते कंत्राटदार, आणि कंत्राटदाराचा फोन लागत नाही. बोट दाखवण्याची ही विद्या एका अटीवर चालते : ज्याच्याकडे बोट दाखवायचे तो तिथे हजर नसावा. म्हणून सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच वेळी, एकाच नालीच्या काठावर उभे करावे. सकाळची वेळ धरावी, उन्हात साहेब लोक लवकर एकमत करतात, पण ते निघून जाण्यावर. चहा पाहणीच्या आधी देऊ नये. खर्रा खाणाऱ्यांनी त्या दिवशी नालीतच थुंकू नये, पुरावा बिघडतो. टेप घरचा न्यावा. कोणी काय कबूल केले ते गुरुजींनी तिथल्या तिथे लिहून घ्यावे आणि सह्या झाल्यावरच चहा सांगावा.

या रीतीने काम मंजूर होण्याची गंभीर शक्यता असते. तिला तयार राहावे. कारण इंजिनिअर येऊन सांगतील, की नाली तुंबली आहे ती ओट्यांखाली. गेटपुढचे ओटे, गाडी चढवायचे रॅम्प, तुळशीचा कठडा, सगळे नालीवर आहे आणि आधी ते तोडावे लागेल. सुरुवात बहुधा अर्जावर पहिली सही असलेल्या घरापासून होते. अशा वेळी घाबरू नये. नवा अर्ज लिहायची गरज नाही. जुनाच मसुदा घ्यावा, सह्या त्याच ठेवाव्यात, फक्त ‘तात्काळ काम सुरू करावे’ या ठिकाणी ‘तात्काळ काम थांबवावे’ असे करावे. पोच घ्यायला विसरू नये.